दीड हात कापड

गोधडी हे घरातील सर्वांत अबोल वस्त्र आहे. तिच्यासाठी बाजारातून कापड आणले जात नाही. वापरून मऊ झालेली लुगडी, विरलेली धोतरे, लेकरांची अपुरी झालेली झबली आणि शेवटी उरलेल्या चिंध्या यांतून ती उभी राहते. वरच्या बाजूला दिसणारे तुकडे थोडे असतात; तिची ऊब मात्र आतल्या, न दिसणाऱ्या थरांत असते. महाराष्ट्रात तिला कोठे गोधडी म्हणतात, कोठे वाकळ. कर्नाटकात ती कौदी होते, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी आणि छत्तीसगडात कथरी. नावे निराळी असली तरी धावदोऱ्याचा टाका सर्वत्र एकच आहे. जुन्याला टाकून न देता त्याला पुन्हा कामाला लावणे, हा त्या टाक्याचा अर्थ. अंगावर ठिगळांचे वस्त्र वागवणाऱ्या गाडगेबाबांना लोक 'गोधडे महाराज' म्हणत, तेव्हा त्या नावात या वस्त्राबद्दलचा आदरही मिसळलेला होता.

रायपूरच्या पुरानी बस्तीत गोधडी आणि कथरी शेजारी शेजारी नांदतात. महामाया मंदिर आणि जैतूसाव मठ यांच्या आसपास पसरलेला हा शहराचा जुना भाग. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना खेटून उभी. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात पोहोचली आणि तिच्याबरोबर मराठी कुटुंबेही आली. पुढे १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. नोकरी, शिक्षण, सोयरीक यांनिमित्त जाणे-येणे चालूच राहिले. त्यामुळे या भागात, तसेच जवळच्या बुढापारा आणि तात्यापारा या वस्त्यांत, मराठी कानांवर पडते. तीत हिंदीचे शब्द असतात आणि छत्तीसगडीचा गोडवाही असतो.

अशाच एका गल्लीत एका घराच्या ओसरीवर माघ महिन्यापासून दर गुरुवारी दुपारी सहा जणी जमू लागल्या. त्यांना जमवणाऱ्या आजी सत्तरीच्या होत्या. त्यांची लेक परदेशी असते. तिच्याकडून त्यांना तिकडच्या एका रीतीची माहिती मिळाली होती. तिकडे गोधडी शिवणाऱ्या बायका कधी कधी 'मिस्टरी क्विल्ट' करतात. मिस्टरी म्हणजे गूढ. कापड किती लागेल, गडद किती आणि फिके किती, एवढे आरंभीच सांगितले जाते. पुढची कृती मात्र टप्प्याटप्प्याने मिळते. पूर्ण गोधडी कशी दिसेल, याचे चित्र शेवटच्या टप्प्यापर्यंत कोणालाही दाखवले जात नाही. सगळ्या जणी एकाच वेळी एकेक टप्पा पुरा करतात आणि पुढच्याची वाट पाहतात.

आजींनी ही रीत उचलली आणि तिला आपल्याकडची एक अट जोडली. कापड विकत आणायचे नाही. ज्याला घरातले अंग लागलेले आहे, असेच आणायचे. प्रत्येकीने वीतभर लांब आणि वीतभर रुंद असे बारा गडद आणि बारा फिके चौकोन कापायचे. ओसरीवर आलेल्यांत दोन जणी पिढ्यान्‌पिढ्या रायपुरात राहिलेल्या मराठी घरांतल्या होत्या. एक नवी सून अमरावतीकडची होती. तिची अजून कोणाशी फारशी ओळख नव्हती. एक शेजारीण छत्तीसगडी होती. आणखी एकीची शाळा चौथीत सुटली होती. ती चार घरची कामे आटोपून येई. सहाव्या स्वतः आजी.

पहिल्या गुरुवारी धुऊन, उन्हात वाळवलेले कपडे आले. ओसरीवर गडद आणि फिक्या कपड्यांचे ढीग लागले. जुन्या दिनदर्शिकेच्या पुठ्ठ्याचा साचा करून कापायला सुरुवात झाली. कैच्या चालू लागल्या. पण छत्तीसगडी शेजारणीची कैची हातातच राहिली. तिने गडद चौकोनांसाठी कत्थ्या रंगाचा एक लुगरा आणला होता. तो तिच्या आईचा, तिच्या बोलीत दाईचा, होता. दाई जाऊन दोन वर्षे झाली होती. लुगरा पेटीत जपून ठेवलेला होता. या कामासाठी म्हणून तिने तो आपण होऊन बाहेर काढला होता. आता तिच्यापुढे प्रश्न उभा राहिला. कशासाठी कापायचे, ते कोठे बसणार, काय होणार, हे ठाऊक नसताना दाईच्या वस्त्राला कैची कशी लावायची? "आधी चित्र दाखवा, मग कापते," असे ती म्हणाली. आजींनी चित्र दाखवले नाही. पण आग्रहही केला नाही. कापायचे नसेल तर कापू नये, बसायला मात्र यावे, एवढेच त्यांनी सांगितले.

दुसऱ्या गुरुवारी ती आली. लुगरा मांडीवर घेऊन बसली आणि इतरांच्या सुयांत दोरे ओवून देत राहिली. तिसऱ्या गुरुवारीही तसेच घडले. हसत-बोलत चाललेल्या त्या बैठकीत एक अवघडलेपण येऊन बसले. कोणाला वाटले, आजींनी हट्ट सोडावा. कोणाला वाटले, एवढ्या जपलेल्या वस्त्राऐवजी तिने दुसरे काही आणावे. मृत माणसाचे कापड कापणे म्हणजे त्या माणसाला दुसऱ्यांदा निरोप देणे, हे तिथल्या प्रत्येकीला समजत होते. म्हणूनच कोणी तिला घाई केली नाही.

वाट सापडली ती मात्र अनपेक्षित ठिकाणाहून. चौथीत शाळा सुटलेल्या बाईने लुगरा हातात घेतला आणि विचारले, "हा सगळा कशाला लागेल?" तिने पन्हा मोजला, तो अडीच हातांचा भरला. एक हात म्हणजे दोन विती. तेव्हा पन्ह्यात पाच चौकोन बसणार. पाचाच्या तीन ओळी म्हणजे पंधरा. हवे आहेत बारा. तीन वरच राहतात. तीन ओळींना तीन विती, म्हणजे दीड हात कापड. लुगरा दहा हात लांब होता. साडेआठ हात पेटीत परत जाणार होते.

शेजारीण ते मोजणे पाहत राहिली. तिच्या मनात आतापर्यंत सगळा लुगराच कापला जात होता. कोणी तसे म्हटले नव्हते. पण किती लागेल हे तिनेही विचारले नव्हते आणि 'बारा चौकोन' या शब्दांचे हातांत किती माप होते, हे कोणी तिला सांगितलेही नव्हते. आजींनी चित्र झाकून ठेवले, ते या रीतीला धरून होते. पण कापडाचे माप तिच्या समजुतीला उतरेल असे सांगायला हवे होते, हे आजींच्याही लक्षात आले. त्यांनी ते मोकळेपणाने बोलून दाखवले. त्या दुपारी शेजारणीने एका टोकाकडून दीड हात कापड फाडून घेतले. कापड फाटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. क्षणभर कोणी बोलले नाही. मग पुठ्ठ्याचा साचा तिच्याकडे सरकवण्यात आला.

पुढचे काम भराभर झाले. एक गडद आणि एक फिका चौकोन एकमेकांवर ठेवायचा, खडूने कोनातून कोनात रेघ ओढायची, रेघेच्या दोन्ही अंगांना अर्ध्या बोटावर शिवण घालायची आणि मग रेघेवर कापायचे. उघडले की दोन दुरंगी चौकोन हाती येत. प्रत्येकीचे चोवीस झाले. त्यापुढच्या टप्प्यात चार-चार जोडून, गडद आणि फिके तिरके पट्टे दिसतील असे मोठे तुकडे करायचे होते; प्रत्येकीच्या वाट्याला सहा. हे तुकडे पाहून तर्क सुरू झाले. कोणाला त्यांत तलावाच्या घाटाच्या पायऱ्या दिसल्या, कोणाला कौलारू छप्पर, तर कोणाला भाताच्या बांध्या. आजी नुसत्या हसत.

या न कळण्याचा एक परिणाम कोणी न सांगता घडत होता. गोधडीच्या मध्यभागी सगळ्यांची नजर जाते. कडेचा भाग पायांखाली दुमडला जातो. चित्र आधी ठाऊक असते, तर मधल्या तुकड्यांसाठी चांगले कापड आणि बारीक टाके राखले गेले असते आणि कडेचे तुकडे कसेबसे उरकले गेले असते. कोणाचा तुकडा मध्ये बसणार यावरून रुसवेही झाले असते. येथे कोणालाच आपली जागा ठाऊक नव्हती. म्हणून प्रत्येकीने आपला प्रत्येक तुकडा मध्येच बसणार आहे, असे समजून शिवला. नव्या सुनेचे टाके आरंभी लांब पडत होते. शेजारी बसणाऱ्या दोघींनी ते उसवून तिला पुन्हा घालायला शिकवले. त्या उसवण्या-शिवण्यात ती त्यांच्यातलीच एक होऊन गेली.

उत्तर कर्नाटकातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाजाच्या स्त्रिया गोधड्या शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बोलीत कोकणीचा वाटा मोठा आहे. त्या गोधडी कोपऱ्यापासून शिवायला घेतात आणि कडेकडेने फिरत आत येतात. मध्यभाग सर्वांत शेवटी भरतो. कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची 'फुले' लावल्याशिवाय त्यांना गोधडी पुरी वाटत नाही. म्हणजे मध्याचे रूप तेथेही अखेरीसच कळते आणि कोपऱ्याचा मान आधीपासून राखला जातो.

गेलेल्या माणसांची आठवण अनेकांनी मिळून शिवल्याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. एड्सने मरण पावलेल्यांच्या आप्तांनी आणि मित्रांनी प्रत्येकासाठी तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब असा एकेक कापडी तुकडा तयार केला. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये ते प्रथम एकत्र मांडले गेले, तेव्हा त्यांची संख्या १९२० होती. आपल्या तुकड्याशेजारी कोणाचा तुकडा येईल, हे शिवणाऱ्यांना ठाऊक नव्हते. एकेका घराचे दुःख घरातच राहिले असते. शेजारी शेजारी मांडल्यावर ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आले.

पुरानी बस्तीतले छत्तीस तुकडे चैत्रातल्या एका सकाळी ऊन चढण्याआधी अंगणात मांडले गेले. सहाच्या सहा ओळी झाल्या. आजी एकेक तुकडा हातात घेऊन, योग्य त्या बाजूला फिरवून ठेवत होत्या. पहिल्या दोन ओळींत काहीच उलगडेना. तिसरी ओळ पुरी होता होता पट्टे एकमेकांना मिळू लागले. सहावी ओळ लागली, तेव्हा मध्ये एक गडद, कोनावर उभा चौकोन दिसला. त्याच्याभोवती फिका, त्याच्याभोवती पुन्हा गडद, अशी वलये कडेपर्यंत पसरत गेली होती. बुढातालाबात खडा टाकल्यावर पाण्यावर तरंग उठावेत, तशी ती गोधडी दिसत होती. पायऱ्या, छप्पर, बांध्या हे सगळे तर्क चुकले होते आणि त्याचे कोणालाच वाईट वाटले नाही.

शेजारणीने दाईचा कत्था रंग शोधला. एक तुकडा मध्याजवळ होता, एक अगदी कोपऱ्यात आणि बाकीचे इतरांच्या लुगड्यांत मिसळून गेलेले. कोपऱ्यातल्या तुकड्यावरून तिने हात फिरवला. आजी म्हणाल्या, "गोधडी ओढली जाते ती कोपऱ्यानेच. तिथलं कापड आणि टाका पक्का लागतो." तिने मान हलवली आणि त्या कोपऱ्याची शिवण पुन्हा एकदा ओढून पाहिली. ती पक्की होती.

त्यानंतर तुकडे एकमेकांना जोडले गेले. जुन्या धोतरांचे अस्तर आणि मध्ये विरलेल्या चादरींचे थर घालून सहा जणी चारी बाजूंना बसल्या आणि धावदोरा घालत कडेकडून आत आल्या. पाच हात लांब आणि पाच हात रुंद अशी ती गोधडी कोणा एकीची झाली नाही. ज्या घरी बाळंतपण किंवा आजारपण असेल, त्या घरी तिने जायचे, असे ठरले.

माणसाला आयुष्यात ज्या गोष्टी कळलेल्या नसतात, त्या दोन प्रकारच्या असतात. काहींचे उत्तर विचारले किंवा मोजले की मिळते. त्यांच्यापुढे भीत बसणे व्यर्थ असते. काहींचे उत्तर काळच देतो. त्यांच्यासाठी हातातला टाका नीट घालत थांबावे लागते. दाईच्या लुगऱ्याला किती कात्री लागणार, हा प्रश्न पहिल्या प्रकारचा होता आणि तो अर्ध्या घटकेत सुटला. त्या दीड हाताचे काय होणार, हा दुसऱ्या प्रकारचा. त्याला माघापासून चैत्रापर्यंतचा काळ लागला. उरलेला साडेआठ हात लुगरा शेजारणीच्या पेटीत आहे. त्याची घडी आता पूर्वीपेक्षा थोडी लहान झाली आहे, एवढेच.