सांजवेळची दोन स्तोत्रे

अँग्लिकन चर्चच्या सांजप्रार्थनेत दोन स्तोत्रे ठरलेली. पहिले मरियेचे, दुसरे वृद्ध शिमोनाचे. दोन्ही लूकच्या शुभवर्तमानातली. पूर्वी ती वेगवेगळ्या प्रार्थनांत म्हणत. १५४९ च्या प्रार्थनापुस्तकाने ती एकाच सांजेला आणून बसवली. तेव्हापासून शब्द जवळजवळ तेच, चाली मात्र शेकडो! तेच ते ऐकून लोक कंटाळत कसे नाहीत, असे कुणी विचारील; पण आपला हरिपाठ तरी कुठे रोज बदलतो?

स्टॅनफर्डची १९०२ ची जी मेजरमधली चाल मी प्रथम ऐकली. मरियेचे स्तोत्र एका मुलाच्या कोवळ्या, उंच आवाजात, आणि त्याच्याखाली ऑर्गन (आपल्या संगीत नाटकातला पायपेटीचा नव्हे, भिंतभर नळ्यांचा) अखंड भिरभिरत असतो. जाणकारांना त्यात सूत कातणाऱ्या मरियेचा चरखा ऐकू येतो. मला मात्र जाते आणि ओवी आठवली.

पण माझे मन जडले हर्बर्ट हॉवेल्सवर. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजसाठी १९४५ साली त्याने ही स्तोत्रे बांधली. मरियेच्या गाण्यात, देव बलवंतांना आसनावरून खाली खेचतो, असा भाग आहे. तिथे गडगडाट करण्याचा मोह किती सहज! हॉवेल्सने तो टाळला. हे एका स्त्रीचे गाणे आहे, त्यात दांडगाई नको, ही त्याची धारणा. १९३५ साली त्याचा नऊ वर्षांचा मुलगा पोलिओने गेला होता. त्या दुःखाचा या स्वरांशी संबंध मी जोडत नाही. पण ऐकताना ते विसरताही येत नाही.

गेल्या वर्षी आजोबा अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या उशाशी बसून एकदा मी हॉवेल्सचा शिमोन ऐकत होते.

"काय म्हणतोय गं तो?"

"म्हातारा आहे, आजोबा. ज्याची वाट पाहिली ते डोळ्यांनी पाहिले, आता जायला मोकळा झालो, म्हणतोय."

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हाताऱ्याचा आवाज इतका उंच?"

हॉवेल्सने शिमोन टेनरला दिला आहे. मी त्यांना स्टॅनफर्डचा लावून दिला, तो खर्जातला. आजोबांना तोच पटला. पुढे रोज तिन्हीसांजेला, रामरक्षा झाली की, "तो जाड आवाजाचा लाव," म्हणायचे. श्रावणात ते गेले.

मला अजून हॉवेल्सचाच शिमोन खरा वाटतो. पण सांज झाली की हात स्टॅनफर्डकडे जातो.