गाडी अडली तर

जानेवारीच्या गारठ्यात चंदीगडच्या सेक्टर 34 मध्ये गाडी सुरू न होणं नवलाचं नाही. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनचं तेल घट्ट होतं. पण त्यानं दिवस वाया गेला, असं मी मानत नाही. वास्तुविशारद ल कॉर्बुझिएनं इथला सेक्टर साधारण 1200 बाय 800 मीटरचा आखला, तो चालणाऱ्याच्या मापानं. दूध, भाजी, शाळा पायी गाठावी, वेगवान वाहनं बाहेरच्या रस्त्यांवर राहावीत म्हणून. गाडी अडली की कोवळं ऊन पाठीवर घेत चालण्याचं सुख मिळतं. कुणी म्हणेल, 34 हा कार्यालयांचा, शिकवणी वर्गांचा सेक्टर. माणसं लांबून येतात, वृद्धांना चालवत नाही. खरंच आहे. पण त्यावर उपाय बसचा आहे. पार्किंग वाढवण्याआधी बस वाढवा, पदपथ मोकळे ठेवा.