उरलेले जेवण

चाळिशीत माझे हिमोग्लोबिन 7 निघाले. तरावीहला उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई. मला वाटे, रोजामुळे असेल. पाळी दहा-दहा दिवस चाले, पण सांगणार कुणाला? सर्वांना वाढून उरेल ते खायचे, वर कडक चहा घ्यायचा, ही सवय अम्मीकडूनच आलेली. जेवणावरचा चहा अन्नातले लोह नीट शोषू देत नाही, हे डॉक्टरबाईंकडून कळले. बाईचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेले की तो रक्तक्षयच.

मुलींनो, पाळी सात दिवसांपुढे गेली तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. आजारपणात राहिलेले रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत अल्लाहनेच दिली आहे. आता सून माझ्यासोबतच जेवायला बसते. कलेजी केली की पहिला तुकडा तिच्या ताटात.