सरासरीपेक्षा अधिक

फेब्रुवारी संपता संपता भारतीय हवामानशास्त्र विभाग मार्च ते मे या तीन महिन्यांचा दीर्घकालीन अंदाज प्रसिद्ध करतो. आम्ही मराठी विभागातील तिघे गेली काही वर्षे तो नेमाने वाचतो. मराठी शिकविणाऱ्यांनी हवामानाचा अंदाज कशासाठी वाचावा, असे कोणी विचारील तर त्याचे एक सरळ उत्तर आहे : वैतरणेच्या उत्तरेला, डहाणूच्या अलीकडे, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचे महाविद्यालय आहे आणि त्याच्या निम्म्या वर्गांवर पत्रे आहेत. दुसरे उत्तर थोडे आडवळणाचे आहे. जिचा प्रत्येक शब्द मोजून बसविलेला आहे आणि तरीही जी हमखास चुकीची वाचली जाते, अशी दुसरी संहिता आमच्या अभ्यासक्रमात नाही.

मूळ अंदाज काय सांगतो? तो आधी तापमानाचे तीन गट पाडतो : सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतके आणि सरासरीपेक्षा अधिक. काहीच माहीत नसते तर प्रत्येक गटाची शक्यता एक तृतीयांश धरावी लागली असती. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान, प्रशांत महासागरातील एल निनो वा ला निना यांची अवस्था आणि गणिती प्रारूपे यांच्या आधारे या तीन समान वाट्यांपैकी कोणता वाटा किती वाढला, एवढेच तो सांगतो. नकाशावर उत्तर कोकण गडद रंगात दिसले आणि त्या रंगाचा अर्थ पंचावन्न टक्के असा असला, तर उरलेले पंचेचाळीस टक्के त्याच नकाशात असतात. फक्त त्यांना रंग नसतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘यंदा उन्हाळा कडक’. मूळ विधान शक्यतेचे होते, मथळ्यात ते भविष्यकाळी झाले आणि दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर ते चक्क भूतकाळात जाते : ‘यंदा कडक उन्हाळा सांगितलाय.’ विध्यर्थाचा भविष्यकाळ आणि भविष्यकाळाचा भूतकाळ कसा होतो, हे वर्गात शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हांला सापडलेले नाही. मुले हसतात, पण क्रियापदाच्या अर्थाचा धडा त्यांच्या लक्षात राहतो.

या चुकीच्या वाचनाला एक परंपराही आहे, असे आम्हांला वाटते. गुढीपाडव्याला पंचांगातील संवत्सरफल वाचण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पाऊस किती, धान्य कसे, राजा कोण आणि मेघ कोणत्या घरी, हे तेथे निश्चयार्थी सांगितलेले असते. ऐकणारा ते पूर्ण खरे मानीत नाही, पण त्याचा सूर त्याच्या कानात बसलेला असतो. मार्चच्या पहिल्या तारखेला येणारा शास्त्रीय अंदाज आणि त्यानंतर काही दिवसांनी, कधी महिनाभराने येणारे संवत्सरफल ही दोन वेगळी वाङ्मयप्रकार-कुळे आहेत. मात्र वाचक एकच आहे आणि तो दुसऱ्याच्या सवयीने पहिले वाचतो. टक्केवारीने त्याचे समाधान होत नाही. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी हे फार नेमके सांगितले होते : ‘साठ टक्के म्हणजे मी होडी काढू की नको, ते सांगा.’

आता ‘सरासरी’ या शब्दाकडे वळू. हवामानाची सरासरी तीस वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी ती पुढे सरकते. पूर्वी १९८१ ते २०१० ही वर्षे धरली जात, आता १९९१ ते २०२० धरली जातात. आम्ही तिघेही चाळिशीतले आहोत. म्हणजे ही सरासरी आमच्या शालेय वयापासून आजच्या नोकरीपर्यंतच्या उन्हाळ्यांची आहे. आम्ही अनुभवलेले मे महिने बेरजेत घालून तिने भागाकार केलेला आहे. आणि सरासरी स्वतःच वर सरकत असल्याने ‘सरासरीइतका’ ठरलेला आजचा उन्हाळा आमच्या आईवडिलांच्या हिशेबात ‘अधिक’ भरला असता. ‘सरासरी’ हा शब्द ऐकताना कान त्याला ‘नेहमीसारखे’ असे समजतो, पण ते नेहमीचे राहिलेले नसते. शब्द तोच ठेवून अर्थ हळूहळू बदलत नेणे भाषेला नवीन नाही. येथे ते आकड्यांनी केले आहे, एवढेच.

किनाऱ्याचा प्रश्न त्याहून बिकट आहे. हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश आणि किनारी प्रदेशात निदान ३७ अंश झाले, शिवाय ते सरासरीहून साडेचार अंशांनी किंवा त्याहून अधिक चढले, म्हणजे उष्णतेची लाट मानतात. आणि अशी स्थिती एका हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असावी लागते. आमचा उपविभाग ‘कोकण व गोवा’ असा आहे. डहाणू आणि काणकोण एकाच ओळीत! गुजरातच्या सीमेला टेकलेला, खाऱ्या पाणथळींचा, चिकूच्या वाड्यांचा हा उत्तर टोकाचा तुकडा आणि दक्षिणेचा जांभ्याचा प्रदेश यांचा उन्हाळा एक नाही, हे येथल्या कोणालाही माहीत आहे. प्रशासनाच्या सोयीने आखलेल्या एका चौकटीत दोन बोली कोंबल्यावर काय होते, ते आम्हां भाषेच्या लोकांना वेगळे सांगायला नको.

आणि ‘लाट’ हा शब्द! किनाऱ्यावरच्या माणसापुढे हा शब्द ठेवताना थोडा विचार व्हायला हवा होता. लाट येते, फुटते आणि मागे जाते. तिच्यानंतर दुसरी येईपर्यंत श्वास घ्यायला वेळ असतो. येथला उष्मा फुटत नाही. पारा चौतीस-पस्तीसवरच असतो, कोणताही निकष ओलांडत नाही, पण हवेत ओल इतकी असते की अंगावरचा घाम वाळतच नाही. आणि घाम वाळला नाही तर देह थंड होण्याचा मार्गच बंद होतो. रात्रीही सुटका नाही. मच्छीमार वस्तीतली एक मुलगी आमच्या वर्गात म्हणाली की आमच्याकडे उन्हाळा उन्हावर मोजत नाहीत, वाऱ्यावर मोजतात. ‘वारा पडला’ असे म्हटले की सगळ्यांना कळते. हे दोन शब्द म्हणजे आमच्या मते किनाऱ्यासाठीचा संपूर्ण इशारा आहे. आणि तीन महिन्यांच्या त्या अंदाजात कमाल तापमान, किमान तापमान, लाटेचे दिवस यांचे नकाशे असतात, वाऱ्याचा नसतो.

वास्तविक शास्त्रही तेच सांगते. शाळेत आपण सर्वांनी खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा आत येते. रात्री याच्या उलट. उत्तर कोकणाचा उन्हाळा सुसह्य असतो तो या खाऱ्या वाऱ्याच्या वक्तशीरपणामुळे. दुपार होण्याच्या आत तो आला तर पारा आटोक्यात राहतो. जमिनीकडून येणारा पूर्वेचा कोरडा वारा जोरात असला की खारा वारा अडतो, कधी दुपार उलटेपर्यंत. आणि मुंबई-ठाणे-पालघरचे विक्रमी दिवस पाहिले तर बहुधा हेच घडलेले असते. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती, म्हणजे हे काही आजचेच नाही. मात्र २०२३ आणि २०२५ या दोन्ही वर्षी कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा चक्क फेब्रुवारीत मिळाला, हे आमच्या पिढीला नवीन होते.

आकडा निकषाच्या आसपास असतानाच माणसे कशी जातात, हे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला दिसले. उघड्या मैदानावर भर दुपारी चाललेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर चौदा जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी त्या परिसरातील पारा चाळिशीच्या आतच होता. आम्ही त्या दिवसानंतर एप्रिलच्या परीक्षेचे वेळापत्रक वेगळ्या नजरेने पाहू लागलो. पेपर अकराला सुरू होतो. मुले पाड्यांवरून चालत, मग टमटमने, मग पुन्हा चालत येतात. आणि पत्र्याखाली अडीच तास लिहितात. पेपर सकाळी साडेसातला घ्यावा असा अर्ज आम्ही जेथे करायचा तेथे केला. ‘तापमान निकषाबाहेर नाही’ या अर्थाचे उत्तर आले. उत्तर देणाऱ्याचे वाचन बरोबर होते. संहिताच आमच्या किनाऱ्यासाठी लिहिलेली नव्हती.

साहित्याकडे वळावे तर तेथेही हीच अडचण. ‘ऋतुसंहारा’चा आरंभ ग्रीष्मानेच होतो, पण तो ग्रीष्म कोरडा आहे : आटणाऱ्या जलाशयांचा, धुळीचा, वणव्यांचा. मराठी कवितेत आणि ग्रामीण कथेत आलेला उन्हाळाही बहुतांशी देशावरचा. भेगाळलेली जमीन आणि कोरडी नदी यांचा. कोकणाचा उन्हाळा आला तो आंब्या-फणसांसह, सुटीत गावी आलेल्यांच्या डोळ्यांतून. दमट उष्म्यात, वारा पडलेला असताना काम करणाऱ्या देहाचे वर्णन आपल्या वाङ्मयात फार थोडे आहे, आणि जे आहे ते शोधून एकत्र करावे अशी आमची इच्छा आहे. एखाद्या एम.ए.च्या विद्यार्थ्याने हा विषय घ्यावा. असो.

२०२५ चा उन्हाळा या सगळ्यावर कडी करून गेला. त्या वर्षीच्या अंदाजात देशाच्या बहुतेक भागांत पारा सरासरीपेक्षा अधिक राहण्याची शक्यता होती. येथे मेच्या पहिल्याच आठवड्यात वादळी पाऊस झाला. पुढे कोकण किनाऱ्यालगत कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. ते तीव्र होऊन २४ मे रोजी रत्नागिरी-दापोलीच्या पट्ट्यातून जमिनीवर आले. त्याच दिवशी केरळात मोसमी पाऊस पोहोचला आणि २६ मे रोजी मुंबईत, जेथे त्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. कुलाब्याला त्या मे महिन्यात २९५ मिलिमीटर पाऊस झाला. १९१८ चा २७९.४ मिलिमीटरचा विक्रम मोडला. शहरात लोकांना गारवा वाटला. आमच्याकडे मे म्हणजे आगोटीची बेगमी. बोंबील वलांडीवर असतात, जवळा अंगणात असतो. वाळलेल्या मासळीवर पावसाळ्याचे दोन महिने काढायचे, कारण १ जूनपासून मासेमारी बंद. मिठागरांत शेवटचे पीक काढून राशी झाकण्याची हीच वेळ. वर, शेतांत राब भाजायचे आणि धूळवाफेत भाताची पेरणी करायची, तीही कोरड्या जमिनीत. पाऊस लवकर आला म्हणून आनंद मानावा असे या यादीत एकही काम नाही. वलांडीवर भिजलेला बोंबील पुन्हा वाळत नाही, कुजतो. त्या जूनमध्ये प्रवेशासाठी आलेल्या तीन मुलींनी शुल्क हप्त्यांनी भरण्याची मुभा मागितली आणि कारणाच्या रकान्यात ‘पाऊस’ असे लिहिले.

अंदाज चुकला, असे म्हणणे सोपे आहे आणि ते अन्याय करणारेही आहे. शक्यतेचे विधान एका वर्षाने खोटे ठरत नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्याला अठरा दिवस आधी बोंबलांचे काय होणार हे विचारता येत नाही. त्यासाठी चार-पाच दिवसांचे आणि दोन आठवड्यांचे अंदाज असतात, आणि ते पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारले आहेत. आमचा आक्षेप भाषेच्या बाजूने आहे. जी माणसे या ऋतूवर वर्षाचा संसार उभा करतात, त्यांच्या क्रियापदांत तो अंदाज कोणी लिहीत नाही.

म्हणून आता आम्ही दर मार्चमध्ये अर्ध्या पानाचा एक मजकूर तयार करतो आणि मुलांच्या हाती घरी देतो. त्यावर विभागात भांडणे होतात. ‘शक्यता’ ठेवावी की ‘संभव’, यावर एक अख्खी दुपार गेली. टक्केवारी काढून ‘दहा उन्हाळ्यांपैकी पाच-सहा असे जातील’ असे लिहावे, हे आमच्यातील एकाचे मत. दुसऱ्याचे म्हणणे असे की पाच-सहा म्हटल्यावर वाचणारा उरलेले चार-पाच विसरतो, तेव्हा तेही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावेत. ‘लाट’ काढून तेथे काय घालावे, हे अजून ठरलेले नाही. ‘उकाडा’ फार घरगुती वाटतो आणि ‘उष्मा’ कोणी बोलत नाही. खाली तीन रिकाम्या ओळी आहेत : वारा पडला तो दिवस, मासळी भिजली तो दिवस, रात्री झोप लागली नाही तो दिवस. मुले त्या भरून जूनमध्ये परत आणतात. पहिल्या वर्षी अकरा कागद परत आले. गेल्या वर्षी त्रेचाळीस आले. त्यांतले सात पावसात भिजलेले होते आणि शाई पसरल्याने तारखा वाचता येत नव्हत्या.