बडोद्याच्या रस्त्यांवर बिननळीची सायकल

काही शहरे गाडीतून पाहावीत, काही पायी हिंडून पाहावीत. बडोदे हे सायकलवरून पाहावे असे शहर आहे. मध्य गुजरातच्या सपाट प्रदेशात ते वसलेले आहे. विश्वामित्रीवरील पूल आणि अलीकडचे उड्डाणपूल वगळले, तर धाप लागावी असा चढ सहसा वाट्यास येत नाही. जुन्या शहराच्या मध्यभागी मांडवी उभी आहे. उत्तरेस चांपानेर, पूर्वेस पाणीगेट, दक्षिणेस गेंडीगेट आणि पश्चिमेस लहरीपुरा अशा चार दरवाजांकडे तेथून रस्ते गेले आहेत. आपण लहरीपुऱ्याच्या वाटेने निघावे. दरवाजाबाहेर पडताच न्यायमंदिराची भव्य वास्तू दिसते. मग सूरसागराचे पाणी, आणि पुढे मराठी कानांना ओळखीचा दांडिया बाजार. तेथून कोठीच्या बाजूने गेले, की गायकवाड घराण्याचे स्मारक असलेले १९३६ सालचे कीर्तिमंदिर लागते. त्याच्या आत नंदलाल बोस यांनी रंगविलेली भित्तिचित्रे आहेत. मग विश्वामित्रीचा पूल, काळा घोडा आणि १८७९ साली उभी राहिलेली कमाटीबाग. हा सारा प्रवास चार किलोमीटरांच्या आतबाहेरचा आहे.

जुन्या शहरात राहणाऱ्या घराचा नित्याचा व्यवहार बहुतांशी याच वर्तुळात उरकतो. खंडेराव मार्केटची भाजी, मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील पुस्तक, बँक, देऊळ, एखाद्या आप्ताची विचारपूस! अंतरे लहान खरी. पण वय साठीपुढे गेले आणि गुडघे कुरकुर करू लागले, म्हणजे हीच अंतरे लांब होतात. वाहनांच्या गर्दीत स्कूटर चालविण्याचा धीर होत नाही. रिक्षासाठी उठसूट हात पुढे करणे जिवावर येते. मग ‘मुलगा घरी आला की सोडील’, ‘सून निघाली की तिच्याबरोबर जाऊ’ असे सुरू होते, आणि ज्या माणसाने सारा जन्म या रस्त्यांवर काढला, त्याचे बाहेर पडणे दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहते. विजेवर चालणाऱ्या, मधली नळी नसलेल्या सायकलीचा विचार आम्ही करतो, तो या दृष्टीने.

त्या मधल्या नळीची कथा थोडी मजेदार आहे. सायकलीच्या सांगाड्यातील आडवी नळी ही मुळात बळकटीसाठी असते. ती असली म्हणजे सांगाड्याचा त्रिकोण पुरा होतो, आणि त्रिकोण सहजी वाकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पायघोळ झग्यांतील स्त्रिया सायकल चालवू लागल्या, तेव्हा त्यांच्या सोयीसाठी ही नळी खाली उतरवली गेली. आपल्याकडे तिला ‘लेडीज सायकल’ हे नाव मिळाले, आणि त्याबरोबर एक अढीही निर्माण झाली. पुरुषाने टांग मारूनच सायकलवर बसावे. नळी नसलेली सायकल चालविणे म्हणजे कमीपणा! ही अढी पुष्कळशी सैल केली ती १९७२ साली पुण्यात जन्मास आलेल्या लूनाने. तिलाही मध्ये नळी नव्हती; तरी लुगडे, धोतर आणि पाटलोण या सर्वांना ती सारखीच मानवली. पाय उचलून पलीकडे टाकावा लागत नाही, हा बायकी गुण नसून सर्वांच्या सोयीचा गुण आहे, हे तिने घरोघर पटवून दिले.

आता निवडीकडे वळू. कायद्याची गोष्ट प्रथम. जिच्या मोटरची शक्ती २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असतो, अशी मान्यताप्राप्त सायकल मोटारवाहन धरली जात नाही. तिला नोंदणी लागत नाही, चालकास परवाना लागत नाही. मान्यतेचे प्रमाणपत्र मात्र दुकानदाराकडे मागून पाहावे. हेल्मेटची सक्ती नसली, तरी डोके तेच आहे, हे विसरू नये.

दुसरी परीक्षा सांगाड्याची. नळी काढून टाकल्याने गेलेली बळकटी खालच्या जाड नळीने भरून काढावी लागते. ती पुरेशी भरून निघाली आहे की नाही, हे रंगावरून कळत नाही. कॅरिअरवर पाच-सहा किलोंचे ओझे बांधून फेरी मारावी. हँडल थरथरले किंवा मागचा भाग डुलू लागला, तर ती सायकल कितीही देखणी असो, परत ठेवावी. बॅटरी मागच्या कॅरिअरखाली असली, तर वजन वर आणि मागे जाते. ती बैठकीच्या दांड्याजवळ किंवा खालच्या नळीत असली, तर तोल चांगला राहतो.

तिसरी परीक्षा मोटरच्या स्वभावाची. काही सायकलींत पायडल फिरले एवढेच मोटरला कळते, आणि ती एकदम जोर लावते. काहींत पायाचा दाब किती आहे हे ओळखून ती तेवढीच मदत करते. मांडवीच्या गर्दीत, समोर हातगाडी आणि शेजारी गाय असताना, दुसरा प्रकार फार समजूतदार वाटतो. त्याला पैसे अधिक पडतात, पण वडीलधाऱ्यांसाठी ते सार्थकी लागतात. ब्रेक दाबताच मोटर बंद पडते ना, हेही पाहावे.

मग बारीकसारीक, पण रोजच्या उपयोगाच्या गोष्टी. चेनवर पुरे झाकण हवे. मागच्या चाकास जाळी हवी, नाही तर साडीचा पदर किंवा धोतराचा सोगा चाकात जायचा. मडगार्ड, घंटा, पुढे-मागे दिवे, भाजीची टोपली आणि भक्कम स्टँड यांवाचून सायकल सुंदर दिसेल, संसारी होणार नाही. बैठक इतकी खाली यावी, की थांबताच दोन्ही पाय जमिनीस टेकतील.

बॅटरीचा हिशेब घरच्या घरी करता येतो. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास अशी बॅटरी असली, तर तीत ३६० वॅट-तास वीज मावते. पायडलची साथ देत गेल्यास किलोमीटरला सुमारे १० ते १५ वॅट-तास खर्च होतात; म्हणजे एका भरणीत साधारण २५ ते ३५ किलोमीटर. जाहिरातीतील मोठा आकडा वाचून हुरळून जाऊ नये. आपली रोजची फेरी पाच-सहा किलोमीटरांची. एका भरणीस अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते.

शेवटी बडोद्याचा म्हणून जो विचार केला पाहिजे, तो ऊन आणि पाणी यांचा. येथील उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. भर उन्हात उभ्या ठेवलेल्या सायकलीची बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि तापलेली बॅटरी लगेच भरणीला लावणे धोक्याचे असते. पाण्याचे तर विचारूच नका! ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरातील कितीतरी वस्त्यांत शिरले. पायडलची साधी सायकल अशा पाण्यातून धुऊनपुसून उभी राहते. बॅटरीचे तसे नाही. म्हणून काढून वर नेता येईल अशीच बॅटरी घ्यावी. सबंध सायकल वीस-पंचवीस किलोंची असते, ती जिन्याने नेणे वृद्धांच्या आवाक्यातले नाही. बॅटरी मात्र एका हाताने नेता येते. ती झोपण्याच्या खोलीत किंवा जिन्याच्या तोंडाशी भरणीला लावू नये, आणि रात्रभर तशीच लावून ठेवू नये.

ही सायकल सर्व कामांची नव्हे. महामार्गावर तिने जाऊ नये. मागे माणूस बसवून नेण्यासाठी ती घेऊ नये. तिचे काम चार दरवाजांच्या आतबाहेरचे. तेव्हा वाचकहो, दुकानात जाल तेव्हा घरातील सर्वांत वडील माणसाला बरोबर न्या, नेहमीच्या पोशाखात न्या, आणि सर्वांआधी त्यांना बसू द्या. ती माणसे कोणाचा हात न धरता बसली आणि उतरली, तर रंग कोणताही पसंत करावा.