उसनी कुमक

उसने मागण्याची मला लहानपणापासून लाज वाटत आली आहे. वाटीभर साखरेसाठी शेजारी जाण्यापेक्षा बिनसाखरेचा चहा मी मुकाट्याने पिऊन टाकीत असे. घरात असेल तेवढ्यावर भागवावे, हे वडिलांचे तत्त्व मी सत्तरीपर्यंत पाळले. थोड्याशा ऐटीनेच पाळले म्हणा ना! ती ऐट गेल्या वर्षी भाद्रपदात एका दवाखान्याच्या बाकावर उतरली.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी आमचा बंडू पत्री आणायला गावाबाहेरच्या माळावर गेला होता. सात वर्षांचा पोर. पण आघाडा आणि दुर्वा ओळखता येतात याचा त्याला कोण अभिमान! परत आला तो रडतच. एका हातात पत्रीची पिशवी आणि दुसऱ्या मनगटावर कुत्र्याच्या दातांच्या दोन रक्ताळलेल्या खुणा. कुत्रा कुणाचा, कुठला, काही पत्ता नाही.

सूनबाईने त्याला नळाखाली धरले आणि साबण लावून पंधरा मिनिटे ती जखम धूत राहिली. मी मात्र जागच्या जागी थिजलो. साठ वर्षांपूर्वीचा आमचा गडी माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्यालाही असाच कुत्रा चावला होता. त्या काळी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. त्या धास्तीने तो तालुक्याला गेलाच नाही. जखमेत तिखट भरले आणि कामाला लागला. दोन महिन्यांनी पाण्याचा तांब्या पाहून त्याचा गळा आवळू लागला. पुढचे सांगवत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बंडूच्या दंडात लस टोचली. सुटलो, असे वाटून मी उठलो, तोच त्या म्हणाल्या, "बसा आजोबा. आता जखमेत सीरम द्यायचंय."

जखमेत! अगोदरच हुळहुळणाऱ्या त्या एवढ्याशा मनगटात सुई! बंडूने माझा सदरा घट्ट धरला. माझ्याने राहवेना. "पुरे हो आता," मी म्हणालो. "लस दिलीत ना? तिनं शक्ती येईलच की अंगात."

"येईल. पण कधी?" त्या शांतपणे म्हणाल्या. "लस म्हणजे घरची पेरणी. प्रतिपिंडांचं पीक हाती यायला सात ते चौदा दिवस लागतात. तोवर उसनं आणावं लागतं."

'उसनं' हा शब्द नेमका वर्मी लागला. मी खाली बसलो.

बंडूच्या चड्डीला आघाड्याच्या बिया चिकटल्या होत्या. त्यांतली एक बाईंनी चिमटीत धरली. "ही कशी चिकटते? हिला टोकं आहेत म्हणून. विषाणूच्या अंगावरही असेच प्रथिनांचे काटे असतात. त्यांच्या आधारानं तो पेशीला चिकटतो आणि आत शिरतो. त्याला स्वतःचं घर नाही, संसार नाही. पेशीत शिरल्याशिवाय त्याची वाढच होत नाही. आता हीच बी मेणात बुडवली तर?"

"चिकटणार नाही," रडे थांबवून बंडूच बोलला.

"शाबास! हे प्रतिपिंड तेच करतात. काट्यांवर जाऊन बसतात, म्हणजे विषाणू पेशीला धरू शकत नाही. कधी तो आत ओढला गेला, तरी बाहेर पडायची त्याची वाट हेच अडवतात. मात्र सगळेच प्रतिपिंड असे नसतात बरं का. काही भलत्याच जागी चिकटतात. विषाणू पकडला जातो, पण निकामी होत नाही. आपल्याला हवेत ते निकामी करणारे."

"मग ते दंडात द्या की," मी अखेरची धडपड केली.

"विषाणू आत्ता कुठे आहे? मनगटात. तिथून तो मज्जातंतूत शिरेल आणि आतल्या आत मेंदूकडे सरकत जाईल. तिथे त्याला गाठणं फार कठीण. चोर अजून अंगणात आहे, तर पहारा अंगणातच नको का?"

यावर मी काय बोलणार? मायेपोटी मी पोराला उचलून घरी नेला असता, तर त्या गड्याच्या धास्तीत आणि माझ्या मायेत फरक तो काय राहिला असता? मी बंडूला मांडीवर घेतले आणि त्याचा हात स्वतः घट्ट धरला. किलोमागे ४० युनिटे, म्हणजे वीस किलोच्या आमच्या बंडूला ८००. जखमेच्या कडेकडेने सुई फिरत होती. तो किंचाळत होता आणि मी भिंतीवरचे कॅलेंडर वाचीत होतो.

ही कुमक आली कुठून? घोड्याकडून! घोड्याला पुन्हा पुन्हा लस देतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंड तयार झाले की थोडे रक्त काढून ते वेगळे करतात. एकाच्या अंगातले रक्षण दुसऱ्याला देता येते, हे बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० साली बर्लिनमध्ये घटसर्प आणि धनुर्वात यांच्या विषांवर दाखवून दिले होते. आता प्रयोगशाळेत पेशींकडून बनवून घेतलेले प्रतिपिंडही मिळतात. उसने मात्र फार दिवस पुरत नाही. काही आठवड्यांत ते संपते. म्हणून लसीच्या पुढच्या खेपा चुकवायच्या नसतात. आम्ही एकही चुकवली नाही.

तरीही त्यानंतर दोन महिने बंडूने पाण्याचा पेला तोंडाला लावला की मी नकळत त्याच्याकडे पाहत राही. घरात कुणाला हे सांगितले नाही.

तुळशीची लग्ने झाली आणि गावात पहिली वरात आली. बंडू घरात पळाला, मूठभर हरभरे घेऊन आला आणि मला ओढीत थेट घोड्यापुढे उभा राहिला. "आजोबा, उसनं परत करायचं असतं ना?"

घोड्याने हरभरे खाल्ले. बंडू धावत घरी गेला आणि माठातले पाणी तांब्याने घटाघटा प्याला.