ताईचं दिग्व्रत आणि तीनशे वीसच्या वेगाची गाडी



युरोपहून आल्यापासून मंदिरात प्रत्येकीचा एकच प्रश्न असतो, "नियम पाळून फिरता आलं का?" आयफेल टॉवरबद्दल अजून कोणी विचारलेलं नाही. तेव्हा एकदाच सविस्तर लिहिते.

आम्ही दोघी बहिणी गेलो होतो. मी बारामतीची, ताई इंदापूरची. ताईचा मुलगा जर्मनीत फ्रँकफुर्टला नोकरीला आहे. ताई चातुर्मासात गाव सोडत नाही, म्हणून जाणं-येणं मे-जूनमध्येच उरकलं. ताईला रात्रीभोजनाचा त्याग आहे, पाणी गाळल्याशिवाय चालत नाही आणि पिठाला उन्हाळ्याची पाच दिवसांची मर्यादा. तिने गहू नेले होते आणि सुनेच्या मिक्सरवर थोडे थोडे दळत होती. नळाला गाळणं बांधलेलं बघून शेजारची जर्मन बाई फिल्टर बिघडला का म्हणून विचारायला आली होती.

फ्रँकफुर्ट ते पॅरिस गाडीने चार तासांच्याही आत होतं. या मार्गावर जर्मन आयसीई आणि फ्रेंच टीजीव्ही अशा दोन्ही गाड्या धावतात. जाताना आयसीई आणि येताना टीजीव्ही घेतली, त्यामुळे तुलना आपोआप झाली. फ्रान्सच्या हद्दीत दोन्ही ताशी 320 किलोमीटरने पळतात. आपली सोलापूरची वंदे भारत त्यामानाने खूपच हळू. पण खरं सांगू? वेग आत बसून कळत नाही. शेजारच्या रस्त्यावरच्या मोटारी मागे जाताना दिसतात तेवढंच. लहानपणी दौंड-बारामती छोट्या गाडीत बसायचो, अडीच फुटी रुळांची. त्या गाडीत वेग नव्हता, पण हाडांना सगळं कळायचं.

आयसीईत खुर्च्या ऐसपैस वाटल्या, एका ओळीत दोन आणि दोन. वंदे भारतच्या साध्या डब्यात तीन आणि दोन असतात. पण चढायला पायऱ्या आहेत, आणि ताईच्या गुडघ्यांना त्या जाणवल्या. टीजीव्ही दुमजली. तिचं दार फलाटाच्या जवळपास असतं, त्यामुळे खालच्या मजल्यावर जागा घेतली तर गुडघेवालीला सोयीचं. मात्र एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायचं तर वरूनच जावं लागतं, खाण्यापिण्याचा डबाही वर. आपल्याला त्याचं काय, आपला डबा मांडीवर! वंदे भारतसारखं जागेवर जेवण आणून देत नाहीत, आपलं खाल्लं तर कोणी काही म्हणतही नाही. दशम्या आणि कोरडी चटणी. विमानात पाण्याची बाटली काढून घेतात, गाडीत घरचं गाळलेलं पाणी नेता आलं, ही ताईसाठी सर्वांत मोठी सोय.

अंथऊचं विचारलंत, तर जूनमध्ये पॅरिसला सूर्य जवळजवळ दहाला मावळतो. त्याआधीच्या दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं सोडली तरी नऊपर्यंत जेवता येतं. ताई तरी सहालाच जेवायची. म्हणायची, "सूर्य इथला आहे, पोट इंदापूरचं."

आता मुख्य गोष्ट. ताईने दोन वर्षांपूर्वी चातुर्मासात महाराजांसमोर दिग्व्रत घेतलं. दाही दिशांना आपण कुठवर जाणार ते ठरवायचं, आणि त्यापलीकडे जन्मभर पाऊल टाकायचं नाही. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी सांगितलंय की समुद्र, नदी, डोंगर, देश अशा सर्वांना माहीत असलेल्या खुणांनी हद्द ठरवावी. ताईने पश्चिमेला पॅरिस धरलं होतं, कारण मुलगा तेव्हा पॅरिस दाखवीन म्हणायचा.

पॅरिसला पोचल्यावर मुलाने पाकीट काढलं. लंडनची तिकिटं! इंदापूरहून निघण्याआधी "युरोपचे कागद" म्हणून त्याने ब्रिटनचा व्हिसाही काढून घेतला होता. शेंगेनच्या एका व्हिसावर 29 देश फिरता येतात, पण ब्रिटन त्यात नाही. (तुम्ही जाणार असाल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, ते आधी पाहा. नाहीतर लंडनहून परत येणंच अडेल.)

ताई म्हणाली, "मला नाही येता यायचं."

"आई, सव्वादोन तासांचा प्रश्न आहे."

ती गप्प. मग त्याने तोडगा काढला, "पूर्वेकडची हद्द कमी कर. तेवढे किलोमीटर पश्चिमेला वाढव. एकूण तेवढंच."

ताई म्हणाली, "अरे, त्यालाच क्षेत्रवृद्धी म्हणतात. पाच अतिचारांतला एक."

मी कॉमर्सची. मला ते लगेच पटलं. एका खात्यातली शिल्लक दुसऱ्या खात्यात वर्ग करून ताळेबंद जुळवता येतो, पण प्रत्येक खात्याची मर्यादा वेगळी ठरली असेल तर त्या जुळण्याला अर्थ नाही. मुलाला ते पटलं नाही. व्हिसाचे पैसे परत मिळत नाहीत. रात्री तो कोणाशी बोलला नाही, आणि सून बिचारी दोघांच्या मध्ये.

मला व्रत नव्हतं, मी त्याच्याबरोबर गेले. ताई सुनेजवळ राहिली. जावं की नाही, हा विचार मीही केला. पण दोघीही राहिलो असतो तर ते व्रत न होता त्या मुलावरचा बहिष्कार झाला असता. पॅरिसच्या स्टेशनवरच फ्रान्सची आणि ब्रिटनची, दोन्ही तपासण्या होतात. मग 1994 मध्ये सुरू झालेला बोगदा, 50 किलोमीटरचा, त्यातला सुमारे 38 समुद्राखाली. वीसेक मिनिटं खिडकीत नुसता आपलाच चेहरा. अधोदिशेचीही मर्यादा दिग्व्रतात असते, हे मला तिथे आठवलं. पुतण्याला तसं... नाही, भाच्याला तसं सांगितलं, तर कितीतरी वेळाने तो हसला. म्हणाला, "मावशी, आईने खाली किती धरलंय?" ते मला माहीत नव्हतं.

येताना टीजीव्ही स्ट्रासबर्गवरून आली. जाताना सीमा कधी ओलांडली ते कळलंच नव्हतं. ना फाटक, ना पाटी, मोबाइलवर संदेश आला तेवढाच. ताई तेव्हा दोनदा विचारत होती, सीमा कुठे आहे म्हणून. या वेळी ती डुलकी घेत होती. पुलाच्या आधी भाच्याने तिच्या हाताला स्पर्श केला. "आई, ऱ्हाइन. इथून जर्मनी." ताई ताठ बसली, पाणी संपेपर्यंत बाहेर बघत राहिली. मग तिने डबा उघडला आणि पहिली दशमी त्याला दिली.

आपल्या वालचंदशेठांनी रेल्वेच्या कंत्राटांपासूनच सुरुवात केली, आणि त्यांचं वालचंदनगर इंदापूर तालुक्यातलंच. तरी इंदापूरला आजही स्टेशन नाही. गाडीसाठी भिगवण गाठावं लागतं. परतल्यावर ताई ते हसून सांगते.

या चातुर्मासात मीही दिग्व्रत घेणार आहे. पूर्व, उत्तर, दक्षिण वहीत लिहून झाली. पश्चिमेपुढची जागा कोरी आहे, आणि सामायिकाला बसले की तीच डोळ्यांसमोर येते.